उलांडी

सूरच्या खाडीवर, पलीकडे अल-अय्जाचं दीपगृह,
अलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये
आम्ही एक होडी शिवत होतो.
हो, शिवत. खिळा मारायचा नाही,
अशी म्युझियमची अट.
"तुम्ही कोकणातले, तुमच्या हातातच असेल हे,"
खलफान उस्ताद म्हणाले.
माझ्या हातात वीस वर्षं ड्रिल मशीन आहे.

भोक पाडायचं, काथ्याची दोरी ओवायची,
आतल्याने फळीला पाय लावून ओढायची,
बाहेरच्याने ठोकायची.
मांडवीचा हुसेन आत, मी बाहेर.
धक्क्याला एक टगबोट पंप बिघडून पडलेली,
सुटा भाग यायला अकरा दिवस.

तिच्यावरून उतरला सेमिसी, टोंगा बेटांवरचा.
पत्रा डोक्याला लागू नये म्हणून वाकून आत आला
आणि शिवणीपाशी वाकलेलाच राहिला.
मासळी घेणारी बाई कल्ले उघडून बघते
तसं त्याने प्रत्येक टाक्यात नख घालून पाहिलं.
"आमचे म्हातारे हे मांडीवर वळतात.
काफा म्हणतात."
काफा. काथ्या.
शब्दांचं नातं नाही काही, मलाही कळतं,
पण हुसेन उगीचच हसला आणि चहा ओतला.

मग त्याने खडूने फळीवर एक नाव काढली
आणि तिच्या कुशीला, दोन दांड्यांच्या टोकाला,
एक बारीक ओंडका.
"हामा," तो म्हणाला. "हा नसता
तर आम्ही नसतो."
मी म्हणालो, उलांडी.
आचऱ्याला माझ्या आज्याच्या होडीला होती.
उलांडी, उलांडी, तो घोळवत बसला जिभेवर,
गरम बटाटा घोळवावा तसा.

मोडक्या इंग्रजीत त्याने सांगितलं ते असं:
सूर्य मावळतो तिकडून निघालेले लोक,
डुकरं, कोंबड्या, सुरण, आणि ठिपक्यांची नक्षी असलेली मडकी घेऊन.
बेटामागून बेट. पिढ्यामागून पिढ्या.
पुढे मडकी करायची विसरले,
ज्वालामुखीच्या खडकांत खापरं सापडतात, कुणालाच आता घडवता येत नाहीत.
दोरी मात्र विसरले नाहीत.
आणि कुणीतरी एकदा थेट पलीकडच्या मोठ्या जमिनीला हात लावून
रताळं घेऊन परतलं.
"रताळं?" मी म्हणालो. "ते आमच्या शिवरात्रीचं."
आमच्याकडे ते कुठून आलं
हे मला कुणी विचारलं नव्हतं.

दहाव्या दिवशी, मगरिबच्या बांगेनंतर,
तो होडीच्या फासळ्यांवर बोट ठेवत
आपल्या वाडवडिलांची नावं म्हणायला लागला.
एका फासळीला एक.
फासळ्या संपल्या तेव्हा तो नाळेपाशी होता
आणि नावं उरली होती,
ती त्याने खाडीच्या पाण्याकडे बघून म्हटली.
"तू म्हण."
मी म्हणालो, मी वासुदेव, माझा बाप बाबल,
त्याचा बाप झिलू, त्याचा... सोनू बहुतेक.
चौथ्या फासळीवर बोट अडकलं.
पाचवी नुसतीच लाकूड.
माझ्या रेसिडेंट कार्डावर मात्र
आकडे पुष्कळ आहेत.

तो हसला नाही. दोरी मागितली.
मांडीवर थुंकी लावून पीळ चढवला,
आमच्या उलट्या दिशेने,
आणि पाचव्या फासळीपाशी एक टाका घातला.
आतून ओढायला हुसेन लागलाच नाही.

दुसऱ्या दिवशी पंप आला. टगबोट गेली.

मार्चमध्ये म्युझियमची बाई बॅटरी घेऊन आली,
एकेक टाका तपासत.
"हा वेगळा आहे. पीळ उलटा. उसवा."
मी म्हणालो, बाई, शिवण ओली आहे,
आता उसवली तर फळी फाटेल.
खोटं बोललो. शिवण खडखडीत वाळली होती.
खलफान उस्तादांना सगळं कळत होतं,
त्यांनी जपमाळेचे मणी पुढे सरकवले
आणि दीपगृहाकडे पाहिलं.

रात्री बायकोला फोन केला.
आधी मुलांची परीक्षा, मग गॅसचं बिल.
मग म्हणालो, थोरल्या आतेला विचार ना,
सोनूच्या बापाचं नाव काय होतं.
ती म्हणाली, बरं आहे ना तुमचं?